केंद्रीय सुरक्षा-धोरणांचे प्रादेशिक सर्व्हरांवर वितरण : एक चिकित्सा

प्रस्तावना

शासनव्यवहाराच्या संगणकीकरणाविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुतांशी नागरिकाला मिळणाऱ्या सेवेभोवती फिरते. सातबारा ऑनलाइन मिळाला काय, दाखल्यास किती दिवस लागले, सर्व्हर चालू होता की बंद, एवढ्यावर चर्चा थांबते. सर्व्हर का बंद होता आणि तो पूर्ववत करण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक समजून संगणकशास्त्र विभागाकडे ढकलला जातो. वस्तुतः तो प्रशासनशास्त्राचाही प्रश्न आहे. राजुऱ्यासारख्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून व राजधानीपासून दूर असलेल्या तालुक्यात तो अधिकच तीव्रतेने जाणवतो.

मोठ्या संस्थेचे संगणकजाळे अनेक जिल्ह्यांत पसरलेले असते. प्रत्येक ठिकाणी जाळ्याच्या दारावर फायरवॉल असते. कोणती वाहतूक आत येऊ द्यावी, कोणती अडवावी, कशाची नोंद ठेवावी, हे सांगणाऱ्या क्रमवार नियमांच्या यादीस सुरक्षा-धोरण म्हणतात. नियमांत ज्यांचा उल्लेख येतो ते घटक, उदाहरणार्थ एखादा सर्व्हर, एखाद्या कार्यालयाचे जाळे, एखादी सेवा, कामाची वेळ, हे स्वतंत्रपणे परिभाषित करून त्यांना नाव दिले जाते. अशा नामांकित घटकास व्यवहारात 'ऑब्जेक्ट' म्हणतात. शेकडो फायरवॉलींवर हे सर्व हाताने लिहिणे अशक्य असल्याने नियम व सामायिक ऑब्जेक्ट मुख्य केंद्रात एकदाच तयार करायचे, तेथून प्रादेशिक व्यवस्थापन सर्व्हरांवर पाठवायचे आणि त्या सर्व्हरांनी ते आपापल्या हद्दीतील फायरवॉलींवर बसवायचे, अशी पद्धत रूढ झाली. चेक पॉइंट या कंपनीची 'प्रोव्हायडर-1' ही प्रणाली, तिचेच पुढे 'मल्टी-डोमेन' हे रूप, पालो आल्टोची 'पॅनोरमा' आणि फोर्टिनेटचा 'फोर्टिमॅनेजर' ही या पद्धतीची परिचित उदाहरणे होत.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या रचनेत अधिकाराची वाटणी काटेकोर आहे, परंतु माहितीची वाटणी एकमार्गी आहे. केंद्राला आपण काय पाठविले ते ठाऊक असते. काय लागू झाले ते ठाऊक असतेच असे नाही. प्रदेशाला काय लागू आहे ते दिसते. ते कोणत्या कारणाने लागू आहे ते कळत नाही. या विसंगतीची किंमत बहुधा शेवटच्या टोकावरील कार्यालय मोजते.

वरचे नियम, खालचे नियम आणि मधली जागा

या रचनेचे मर्म नियमांच्या स्थानात आहे. फायरवॉल यादी वरून खाली वाचते व जो नियम प्रथम जुळतो तोच लागू करते. त्याखालील नियमांकडे ती पाहत नाही. म्हणून केंद्रीय धोरणाचे दोन भाग केले जातात. एक भाग प्रादेशिक नियमांच्या वर बसतो, दुसरा त्यांच्या खाली, आणि मधली जागा प्रदेशासाठी मोकळी ठेवलेली असते. चेक पॉइंटच्या प्रणालीत हेच आहे; पॅनोरमात या दोन भागांना 'प्री' आणि 'पोस्ट' नियम म्हणतात, तर फोर्टिमॅनेजरमध्ये 'हेडर' आणि 'फूटर'. नावे निराळी असली तरी कल्पना एकच. वरचा नियम हा आदेश असतो; प्रदेशाला तो मोडता येत नाही. खालचा नियम प्रदेश जेथे मौन बाळगतो तेथेच बोलतो. केंद्राकडून आलेले नियम व ऑब्जेक्ट प्रादेशिक प्रशासकास दिसतात, पण बदलता येत नाहीत.

कागदावर ही तडजोड सुंदर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील सूचींची आठवण राज्यशास्त्राच्या अध्यापकास येथे होईल, आणि ती अगदीच अस्थानी नाही. परंतु व्यवहारात एक गोष्ट घडते. कोणता नियम वर ठेवायचा आणि कोणता खाली, हे ठरविणारी व्यक्ती केंद्रातच बसलेली असते. आणि काही अनर्थ घडल्यास जाब तिलाच द्यावा लागतो. साहजिकच शंका आली की नियम वर टाकण्याकडे तिचा कल होतो. वरचा भाग वाढत जातो आणि मधली जागा नावापुरती उरते. प्रादेशिक प्रशासक आपला नियम लिहितो, तो यादीत दिसतो, परंतु त्याच्या आधीच वरचा नियम जुळत असल्याने तो कधीच वापरला जात नाही. नियम किती वेळा लागू झाला याची मोजणी या प्रणालींत उपलब्ध असते. शून्याचा आकडा पाहून चूक ओळखता येते. पण तो आकडा मुद्दाम पाहावा लागतो आणि वरच्या नियमात हात घालण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडे नसतो.

याच्या अगदी उलट तत्त्व मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'त आहे. 'विंडोज 2000'बरोबर आलेल्या या व्यवस्थेत धोरणे प्रथम स्थळाच्या, मग डोमेनच्या, मग त्यातील उपविभागाच्या पातळीवर लागू होतात आणि विरोध आल्यास संगणकाच्या जवळचे, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीचे धोरण टिकते. केंद्राला आपलेच म्हणणे खरे करायचे असेल तर त्या धोरणावर तशी सक्तीची खूण करावी लागते. म्हणजे एका रचनेत केंद्र गृहीत धरून जिंकते, दुसऱ्या रचनेत केंद्राला जिंकण्यासाठी उघडपणे सक्ती जाहीर करावी लागते. दुसरी पद्धत अधिक सुरक्षित आहे असा दावा करता येणार नाही. ती अधिक प्रामाणिक मात्र निश्चित आहे, कारण तेथे सक्तीची नोंद राहते.

सामायिक ऑब्जेक्ट : नाव एक, अर्थ किती?

नियमांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ऑब्जेक्टविषयी फार थोडे. खरा गुंता ऑब्जेक्टमध्ये आहे. केंद्राने 'मेल-सर्व्हर' या नावाचा ऑब्जेक्ट तयार केला, परंतु प्रत्येक जिल्ह्यात मेल-सर्व्हरचा पत्ता वेगळा. यासाठी चेक पॉइंटने केंद्रात केवळ नाव ठेवायचे आणि पत्ता प्रदेशाने भरायचा, अशी सोय केली. सोय चांगलीच आहे. मात्र प्रदेशाने पत्ता भरला नाही तर केंद्राचा निर्दोष नियम तेथे निरर्थक ठरतो आणि चुकीचा भरला तर तो भलत्याच यंत्राला संरक्षण देतो. दोन्ही प्रसंगी केंद्राच्या पडद्यावर नियम जसाच्या तसा झळकत राहतो.

पॅनोरमात याहून सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. तेथे वरच्या गटात परिभाषित केलेल्या ऑब्जेक्टची व्याख्या खालच्या गटास त्याच नावाने बदलता येते आणि सामान्यतः खालची व्याख्या ग्राह्य धरली जाते. वरची व्याख्या श्रेष्ठ मानायची असेल तर तशी निवड स्वतंत्रपणे चालू करावी लागते. म्हणजे एकाच नावाचे दोन अर्थ नांदत असताना खरा कोणता, हे कोठे तरी एका चौकटीतील खूण ठरविते. ती खूण बदलणाऱ्यास आपण किती नियमांचे अर्थ एका क्षणात बदलले याची पुरती कल्पना असेलच असे नाही.

एका नावाचे दोन अर्थ ही राजुरा परिसराला परकी गोष्ट नाही. राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला. पुढे स्वतंत्र झालेल्या जिवती तालुक्यातील 14 गावे मात्र महाराष्ट्र आणि आंध्र, नंतर तेलंगणा, यांच्या दाव्यांत अडकून राहिली. परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा ही त्यांतील काही नावे. या गावांतील रहिवाशांकडे वर्षानुवर्षे दोन्ही राज्यांची शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे राहिली. दोन्ही राज्यांच्या शाळा आणि योजना तेथे चालत आल्या. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर ही गावे दोन स्वतंत्र केंद्रांनी परिभाषित केलेला एकच ऑब्जेक्ट होत. प्रत्येक केंद्राच्या नोंदवहीत तो निर्विवाद आपला आहे. विसंगती दिसते ती फक्त गावात उभे राहिलेल्या माणसाला.

पंचायती राज मंत्रालयाच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'ने देशातील प्रत्येक गावास एकमेव संकेतांक देण्याचा प्रयत्न केला आहे आणि महाराष्ट्राच्या सुधारित सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी तो छापलाही जातो. सामायिक ऑब्जेक्टची ही शासकीय क्षेत्रातील कदाचित सर्वांत मोठी योजना असावी. तिचे महत्त्व वादातीत आहे. तथापि संकेतांक एकमेव केल्याने वस्तू एकमेव होत नाही. नावाचा अर्थ कोण ठरविणार, हा निर्णय आधी झालेला असावा लागतो. यंत्रणा तो निर्णय केवळ वेगाने सर्वत्र पोहोचविते. निर्णयच झालेला नसेल तर ती संदिग्धताही तितक्याच वेगाने पोहोचविली जाते.

जावक झाले, आवक झाले काय?

शासकीय कार्यालयात पत्र निघाले की जावक क्रमांक पडतो, पोहोचले की समोरच्या कार्यालयात आवक क्रमांक पडतो, आणि अंमलबजावणी झाल्यावर अनुपालन अहवाल मागविला जातो. ही जुनी पद्धत वेळखाऊ म्हणून हेटाळली गेली, पण तिच्यात तीन निरनिराळ्या घटनांना तीन निरनिराळ्या नोंदी होत्या. केंद्रीय सुरक्षा-धोरणाच्या प्रवासातही तीन घटना असतात. धोरण केंद्रात जतन होते. मग ते प्रादेशिक सर्व्हरास नेमून दिले जाते. शेवटी प्रादेशिक सर्व्हर ते प्रत्यक्ष फायरवॉलीवर बसवितो. चेक पॉइंटच्या प्रणालीत केंद्रीय धोरणात बदल केल्यावर ते पुन्हा नेमून द्यावे लागते आणि त्यानंतर फायरवॉलीवर स्वतंत्रपणे बसवावे लागते; पॅनोरमातही केंद्रात बदल पक्का करणे आणि तो उपकरणांकडे ढकलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दोन क्रियांमध्ये तास जाऊ शकतात, महिनेही जाऊ शकतात.

या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवण्यामागे शहाणपण आहे. प्रादेशिक प्रशासकास कामकाजाच्या वेळेबाहेर बदल बसविता यावा म्हणून ती फट ठेवलेली असते. आक्षेप आहे तो बैठकांत व अहवालांत या तिन्हींना 'धोरण लागू केले' या एकाच वाक्यात कोंबण्याला. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूचा प्रसार 12 मे 2017 रोजी सुरू झाला. त्याने वापरलेली उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजीच प्रसिद्ध केली होती. केंद्राचे जावक जवळजवळ दोन महिने आधी झाले होते. जगभरच्या लक्षावधी यंत्रांचे आवक झालेच नव्हते.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजे सर्ट-इन, याने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेले निर्देश या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळविणे, संगणकीय नोंदी 180 दिवस जपणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरांशी जुळविणे, अशी बंधने त्यांत घातली आहेत. घड्याळाची अट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु वेळ हा सर्वांत मूलभूत सामायिक ऑब्जेक्ट होय. राजुऱ्याच्या यंत्रातील 10 वाजून 5 मिनिटे आणि नागपूरच्या यंत्रातील 10 वाजून 5 मिनिटे एकच नसतील, तर हल्ला प्रथम कोठे झाला हे सांगताच येत नाही. येथे केंद्राने नियमाबरोबर तो पाळण्याचे साधनही दिले, ही गोष्ट अनुकरणीय आहे. मात्र 6 तासांची अट पाळण्यासाठी घटना ओळखू शकणारा माणूस टोकाला असावा लागतो, आणि तो निर्देशाबरोबर पाठविता येत नाही.

अतिकुशल वितरणाचा धोका

आतापर्यंत विचार झाला तो न पोहोचलेल्या धोरणांचा. उलट बाजूही पाहिली पाहिजे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या केंद्रातून एक सदोष माहिती-फाइल जगभर पाठविली. भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी ती निघाली आणि 10 वाजून 57 मिनिटांनी मागे घेण्यात आली. या 78 मिनिटांत सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे कोलमडली. अनेक संस्थांनी नवी आवृत्ती लगेच न घेता एक पायरी मागे राहण्याचे धोरण निवडले होते. पण ते धोरण मूळ सॉफ्टवेअरला लागू होते, अशा माहिती-फाइलींना नव्हते. प्रदेशाला दिलेली मधली जागा नेमकी जेथे हवी होती तेथे नव्हती. दुरुस्ती मात्र केंद्रातून होऊ शकली नाही. बहुसंख्य ठिकाणी कोणाला तरी यंत्रापर्यंत चालत जाऊन, ते विशेष पद्धतीने सुरू करून, ती फाइल हाताने काढावी लागली. बिघाड वितरित करणे केंद्राला जमले. उपाय वितरित करण्यासाठी पाय लागले. कंपनीने त्यानंतर टप्प्याटप्प्याने वितरण आणि ग्राहकाच्या हाती अधिक नियंत्रण देण्याचे मान्य केले.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले उदाहरण त्याआधीचे आहे. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे उद्ध्वस्त केले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच उद्योगसमूहाने चालविलेल्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. प्रोग्रॅमचा शिरकाव युक्रेनमधील एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून झाला होता. म्हणजे विश्वासाच्या वाटेनेच तो आला. मर्स्ककडे जगभर सुमारे 150 डोमेन कंट्रोलर होते. कोण वापरकर्ता, कोणास कोणता अधिकार, ही सामायिक माहिती ते एकमेकांकडे सतत पाठवीत असत. एखादा बंद पडला तर उरलेले आहेत, या भरवशावर त्या माहितीची वेगळी, जाळ्याबाहेरची प्रत राखलेली नव्हती. एका दिवसात जवळजवळ सगळेच पुसले गेले. घानामधील एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. विदर्भात ज्यांनी भारनियमनाचे दिवस काढले आहेत त्यांना या तपशिलातील उपरोध समजावून सांगण्याची गरज नाही. कंपनीस 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभारावे लागले.

या घटनेतून 'केंद्रीकरण वाईट' असा सरधोपट अर्थ काढणे चुकीचे ठरेल. केंद्रीय धोरण नसते तर तेवढेच यंत्रसमूह एकेक करून पडले असते. ध्यानात घेण्याजोगे ते हे की, 150 प्रती म्हणजे 150 संरक्षणे नव्हेत. सर्व प्रती एकाच आज्ञेचे पालन करीत असतील तर त्या धोक्याच्या दृष्टीने एकच प्रत होत. प्रादेशिक सर्व्हराला 'प्रादेशिक' म्हणायचे असेल तर केंद्र हरवले असताना काही काळ स्वतःच्या शेवटच्या विश्वसनीय स्थितीवर उभे राहण्याची क्षमता त्याच्यात असली पाहिजे.

मधल्या जागेचे रक्षण

राज्यांच्या विस्तृत संगणकजाळ्यांची योजना केंद्र शासनाने मार्च 2005 मध्ये 3,334 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केली. राज्याचे मुख्यालय, जिल्हा आणि गट अशी तिची उतरंड ठरली. महाराष्ट्रात मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत पोहोचणारे एमस्वॅन हे त्याच कल्पनेचे फलित होय. अशा उतरंडीस केंद्रीय धोरण-वितरणाची पद्धत अगदी चपखल बसते आणि म्हणूनच तालुक्याच्या पातळीवर निर्णयाचा कोणता अंश शिल्लक ठेवायचा, हे रचना करतानाच ठरवावे लागते. मागाहून तो अंश मिळत नाही.

तो अंश किती मोलाचा असतो याचे उदाहरण राजुऱ्यातच घडले. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीपूर्वी, राजुरा मतदारसंघात नवीन मतदारनोंदणीचे ऑनलाइन अर्ज अल्पावधीत मोठ्या संख्येने आले. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सप्टेंबर 2025 मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, स्थानिक पडताळणीत 6,861 अर्ज अवैध ठरवून फेटाळण्यात आले आणि राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला. या प्रकरणावर त्याच सुमारास परस्परविरोधी राजकीय दावे झाले. त्यांचा निवाडा हा या निबंधाचा विषय नाही. येथे प्रस्तुत आहे ती केवळ रचना. संकेतस्थळ सर्व देशाला एकच, अर्जाचा नमुना एकच, स्वीकृतीचे नियमही एकच. केंद्रीय नियमाच्या दृष्टीने तो अर्ज 'येऊ देण्याजोगा' होता. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतच नाही, ही गोष्ट दारापर्यंत गेलेल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यासच कळू शकते. वरच्या आणि खालच्या नियमांमधली जागा मोकळी ठेवल्याचा हा परिणाम होय. उद्या वेगाच्या नावाखाली हीच पडताळणी केंद्रीय संगणकीय जुळणीवर सोपविली गेली, तर नियम पूर्वीइतकेच कडक दिसतील आणि पारख उरणार नाही.

स्थानिक जागा मोकळी ठेवण्यावर सुरक्षातज्ज्ञांचा आक्षेप असा की, तिच्यातूनच अपवाद शिरतात आणि अपवादांतून चोर. आक्षेप खरा आहे. प्रादेशिक प्रशासक एखाद्या यंत्रासाठी दार तात्पुरते उघडतो आणि ते कायमचे उघडे राहते, हा फायरवॉल तपासणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. पण मधली जागा बुजविल्याने अपवाद नाहीसे होत नाहीत. ते व्यवस्थेबाहेर जातात. काम अडलेला कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवरून इंटरनेट जोडतो, फाइल खासगी ई-मेलने पाठवितो, आणि फायरवॉलीच्या नोंदीत सर्व काही आलबेल दिसते. यास्तव अपवाद व्यवस्थेच्या आतच ठेवून त्याला अर्जदार, कारण, मंजुरी देणारा आणि समाप्तीची तारीख अशा चार रकान्यांत बांधणे हिताचे. मुदत संपताच नियम आपोआप निष्प्रभ व्हावा. काल-मर्यादा घालण्याची सोय या सर्व प्रणालींत पूर्वीपासून आहे.

दुसरी दुरुस्ती केंद्राकडून अपेक्षित आहे. खाली पाठविलेल्या प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण, किमान एका ओळीत, मराठीत, प्रादेशिक प्रशासकास दिसले पाहिजे. टिपणीचा रकाना प्रत्येक प्रणालीत असतो. तो बहुधा रिकामा राहतो किंवा त्यात एखादा क्रमांक टाकलेला असतो. कारण कळलेला प्रशासक नियमाला पळवाट शोधण्याऐवजी तो आपल्या परिस्थितीत कोठे अडतो ते कळवू शकतो. आणि केंद्राच्या पडद्यावर प्रत्येक तालुक्यासमोर धोरण जतन झाल्याची, नेमून दिल्याची आणि प्रत्यक्ष बसविल्याची, अशा तीन तारखा शेजारी शेजारी असाव्यात. तिसरा रकाना रिकामा असलेल्या तालुक्यास त्याच दिवशी दूरध्वनी जावा, स्मरणपत्र नव्हे.